शेकाट्या आणि फ्युनारिया: तुलना करायची तरी कशी?

कंदी_पेढा | २७ जून, रात्री ९:४२

मुलगी नववीत आहे, साताऱ्यातच. विज्ञानाच्या बाईंनी वर्गात दोन डबे फिरवले. एकात प्राण्यांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात वनस्पतींच्या. प्रत्येकाने एकेक उचलायची आणि दिवाळीच्या सुट्टीआधी दोघांची तुलना लिहून द्यायची. तिच्या मैत्रिणीला वटवाघूळ आणि आंबा आले, तिचं काम एका संध्याकाळी उरकलं. आमच्या बाईसाहेबांनी उचलले शेकाट्या आणि फ्युनारिया.

शेकाट्या म्हणजे तळ्याच्या कडेने चिखलात चालणारा, गुलाबी काटकुळ्या पायांचा काळा-पांढरा पक्षी. फ्युनारिया म्हणजे पुस्तकात चित्र असलेली मॉस. "एक प्राणी, एक वनस्पती, एक उडतो, एक उडत नाही" असलं काही लिहिलं तर वही परत मिळणार आहे. दोघांना एकच अडचण कुठे येते ते शोधा, असं बाई म्हणाल्या म्हणे.

मी कॉमर्सची. नवरा म्हणतो दोघांनाही पाणी लागतं, संपला विषय. अहो, पाणी तर म्हशीलाही लागतं! कुणाला काही सुचतंय का? पक्षीवाले, झाडवाले, सगळे या.

भडंग_सांगली | २७ जून, रात्री ९:५५

दोघांपायीही माझे परीक्षेत मार्क गेलेत. एवढं साम्य पुरे की.

चिखलपाय | २७ जून, रात्री ११:१०

ताई, शेकाट्या माझा लाडका, त्यामुळे लांबण लागेल.

चोचीपासून शेपटीपर्यंत ३३ ते ३६ सेंमी, वजन दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर. म्हणजे पावशेर पेढ्यांहून हलका गडी. पाय मात्र वीतभर. अंगाच्या मानाने इतके लांब पाय रोहित पक्षी सोडला तर कुणालाच नाहीत. शास्त्रीय नाव हिमँटोपस हिमँटोपस, ग्रीकमध्ये हिमँटोपस म्हणजे वादीसारखे पाय. चपलेची वादी डोळ्यासमोर आणा, मग पटेल. आणि तो मागे वाकतो तो गुडघा नव्हे, घोटा. गुडघा वर पिसांत दडलेला असतो. हे वहीत नक्की लिहायला सांगा, वर्गात निम्म्या पोरांना माहीत नसणार.

या पायांचा उपयोग म्हणजे जिथे तुतवार आणि चिखल्यांना कडेकडेनेच फिरावं लागतं, तिथे हा पोटापर्यंतच्या पाण्यात आरामात उभा राहून अळ्या आणि किडे टिपतो.

आता मुख्य गोष्ट. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात येरळवाडीच्या धरणावर गेलो होतो. पाणी पार आत गेलेलं, उघड्या पडलेल्या गाळाला भेगा. दुपारचे दोन. गाळाच्या उंचवट्यावर एक शेकाट्या बसलेला. घरटं म्हणजे काय, चार काड्या आणि चार ढेकळं, मधे चार अंडी. सावली नावाला नाही. तो उठला, आठ-दहा ढांगांत पाण्यात गेला, पाय मुडपून पोट पाण्यात टेकवलं, दोन-तीनदा अंग घुसळलं आणि तसाच निथळत परत येऊन अंड्यांवर बसला. दुर्बिणीतून पोटाच्या पिसांवरून ओघळणारा थेंब दिसत होता. मी घड्याळ लावून बसलो. पाऊण तासात सहा फेऱ्या. आपण त्याला अंडी उबवणं म्हणतो, पण त्या उन्हात तो अंडी गार करत होता. मधेच जोडीदार आला, बदली झाली. नर-मादी दोघंही पाळी लावतात.

वडूजचा_रस्सा | २८ जून, सकाळी ७:१५

हे टिटवी पण करते. आमच्या शेतातल्या खडीत अंडी होती तेव्हा बघितलंय. पोट भिजवून येते. आजी टिटवीला अपशकुनी म्हणायची, पण त्या दिवशी तिनेच घमेल्यात पाणी भरून जवळ ठेवलं.

चिखलपाय | २८ जून, सकाळी ७:३०

बरोबर. टिटवीही पाणथळीतल्या त्याच मोठ्या गोतावळ्यातली. आजींना नमस्कार सांगा.

शेवाळलेली_पायरी | २८ जून, दुपारी १२:०५

मी वनस्पतीशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त. आधी एक तक्रार, मग मदत.

आपण मराठीत हिरवं आणि निसरडं दिसेल त्या सगळ्याला शेवाळ म्हणतो. विहिरीच्या पाण्यातली हिरवी तार म्हणजे शैवल. पावसाळ्यात वाड्याच्या भिंतीवर मखमलीसारखी उगवते ती मॉस. विश्वकोशात तिला हरिता म्हटलंय, पण वापरतं कोण? आणि गोड्या मसाल्यातलं दगडफूल हे दोन्ही नव्हे, ते तर बुरशी आणि शैवलाचं जोडकुटुंब. मुलीने वहीत "शेवाळ" लिहिलं तर मी तरी अर्धा मार्क कापेन.

फ्युनारिया हायग्रोमेट्रिका हे पूर्ण नाव. नावाचा अर्थच ओलावा मोजणारी. तिला फूल नाही, बी नाही, खरं मूळसुद्धा नाही, फक्त धरून ठेवायला केसासारखे मूलाभ. पानांचा झुपका जेमतेम सेंटिमीटरभर. त्यातून वर निघते बारीक तांबूस दांडी, २ ते ५ सेंमी. टोकाला वाकलेली, नासपतीच्या आकाराची कुपी, तिच्या आत बीजाणू. कुपीच्या तोंडाशी दातांची दोन वर्तुळं, प्रत्येकात १६. कोरड्या हवेत हे दात हलतात आणि बीजाणू थोडेथोडे बाहेर पडतात, मीठदाणी हलवल्यासारखे.

भडंग_सांगली | २८ जून, दुपारी १२:२०

थांबा थांबा. सेंटिमीटरभर अंग आणि त्याच्या तिप्पट-चौपट लांब तांबडी काडी? हा तर वनस्पतींमधला शेकाट्या झाला! धागा इथेच संपवा, मला पार्टी द्या.

कंदी_पेढा | २८ जून, दुपारी १:४०

लेक हे वाचून उड्या मारतेय. "आई, दोघांचे पाय लाल!" तेवढंच लिहून मोकळी व्हायला निघाली होती, थांबवलंय.

शेवाळलेली_पायरी | २८ जून, दुपारी ४:३०

थांबवलंत ते बरं केलंत. दिसण्यातलं साम्य फसवं असतं. दांडी म्हणजे त्या झाडाचा पाय नव्हे, ती पुढची पिढी आहे. खालचा हिरवा झुपका आई. वरची दांडी आणि कुपी हे तिचं पोर, जे आईच्या डोक्यावरच उभं राहतं, तिच्याकडूनच पाणी आणि बरंचसं अन्न घेतं आणि तिथेच संपतं.

कराडची_कोयना | २८ जून, दुपारी ४:४८

आमच्या घरी एक फ्युनारिया आहे. वय ३२. लग्नाचं बघतोय.

चिखलपाय | २८ जून, संध्या. ५:०२

आणि शेकाट्याचं पिल्लू अंड्यातून बाहेर पडल्यावर काही तासांत स्वतःच्या पायांनी चालतं, स्वतः टिपून खातं. आईबाप राखण करतात आणि धोका दिसला की आरडाओरडा करतात, चोचीत घास मात्र भरवत नाहीत. कोयनाताई, ३२ वर्षांच्या पिल्लाला हा परिच्छेद वाचायला द्या.

शेवाळलेली_पायरी | २८ जून, रात्री ८:१५

दुपारपासून चिखलपाय यांचा तो थेंब डोक्यात आहे. बाईंनी विचारलेली अडचण बहुधा तीच.

फ्युनारियालाही अंडं असतं, सुरईसारख्या एका बारीक अवयवात, अगदी तळाशी. नर पेशी असतात दुसऱ्या फांदीच्या टोकाला. त्यांना दोन शेपट्या असतात आणि त्या पोहतात. पोहायला पाणी हवंच, मग दवाचा पातळ थर असो की पावसाच्या थेंबाचा शिंतोडा. मधलं अंतर काही मिलिमीटरचं, पण पाणी नसेल तर ते अंतर साताऱ्याहून मुंबईइतकं. म्हणून तर पुस्तकात या वनस्पतींना उभयचर म्हणतात. राहतात जमिनीवर, पण वंश वाढवायला पाण्याशिवाय चालत नाही.

म्हणजे बघा, अंडं कोरड्यावर आहे आणि पाणी दुसरीकडे आहे, ही अडचण दोघांचीही. शेकाट्या पाणी पोटाला लावून अंड्यापर्यंत आणतो. फ्युनारियाला कुठे जाता येत नाही, तिला पाणीच येईपर्यंत बसून राहावं लागतं.

कंदी_पेढा | २८ जून, रात्री ८:३१

मॅडम, _/\_. हे मी मोठ्याने वाचून दाखवलं. नवऱ्याने टीव्ही म्यूट केला.

वाईचा_घाट | २८ जून, रात्री १०:००

मला नाही पटलं. एकीकडे फलन व्हायला पाणी लागतंय, दुसरीकडे फलन झालेलं अंडं गार ठेवायला. शिवाय ते अंडं म्हणजे एक पेशी आणि हे कवचाचं अंडं. दोन वेगळ्या कामांना एक नाव दिलं म्हणून अडचण एक होते का?

शेवाळलेली_पायरी | २९ जून, सकाळी ९:२०

मुद्दा मान्य, काम वेगळंच आहे. मुलीने तेही लिहावं, उलट त्यानेच वही भारी होईल. पण दोघांचंही घोडं एकाच जागी अडतं हे माझं म्हणणं कायम.

माणदेशी_मेंढरू | २९ जून, दुपारी ३:१०

मी म्हसवडकडचा. ह्यो पक्षी आमच्याकडं तळ्यावर लई. नाव आत्ता कळलं. आमी नुसतं लंब्या म्हनायचो.

त्यो कायमचा कुठंच ऱ्हात न्हाय. तळ्याचं पानी उतरलं, गाळ उघडा पडला की हजर. गाळ वाळून टणक झाला की उठला, दुसऱ्या तळ्यावर. आमच्यागतच की. मेंढरं घिऊन आमचा वाडा उठतो तवा मागं काय ऱ्हातं? तीन दगड आन् राख.

शेवाळलेली_पायरी | २९ जून, दुपारी ३:५५

मेंढरूदादा, राख म्हणालात आणि मी खुर्चीतून उठले. फ्युनारियाची सगळ्यात आवडती जागा कुठली सांगू? जळकी जमीन. जुन्या शेकोटीची जागा, वणवा गेलेला उतार. राखेतून पोटॅश आणि फॉस्फरस मिळतो, मातीचा आंबटपणा कमी होतो आणि बाकीचं गवत, बी-बियाणं भाजून गेलेलं असतं, म्हणजे मैदान मोकळं. पहिल्या पावसात हिचे बीजाणू रुजतात, आधी शैवलासारखे हिरवे धागे पसरतात, मग झुपके, मग दांड्या. दोन-तीन वर्षांत दुसऱ्या वनस्पती आल्या की ही गायब. तोवर बीजाणू वाऱ्यावर गेलेले असतात, कुठल्या तरी दुसऱ्या राखेच्या शोधात.

भडंग_सांगली | २९ जून, दुपारी ४:०१

शेकाट्या पाण्यात आणि शेकोटीवर फ्युनारिया? नावं ठेवणाऱ्याने चिठ्ठ्या उलट्या वाटल्या.

वाईचा_घाट | २९ जून, दुपारी ४:१५

हे मात्र पटलं. पाण्यापेक्षा हा मुद्दा पक्का. दोघंही तात्पुरत्या जागेचे भाडेकरू.

हळदीचं_पेव | २९ जून, रात्री ९:३०

सांगलीकडची भर घालतो. आमच्या कृष्णाकाठाला ऊस आणि पाटपाण्याच्या अतिरेकाने जमिनी क्षारपड झाल्यात. आमच्या चुलत्यांचा दीड एकर असाच गेला. वर पांढरा थर, सखल भागात वर्षभर वितभर पाणी, ऊस सोडाच, गवत उगवेना. गेली काही वर्षं तिथे शेकाट्यांचा मुक्काम असतो, कधी वीस, कधी चाळीस. खारट उथळ पाणी त्यांना चालतं. पक्षी बघायला येणारी पोरं म्हणतात काय सुंदर जागा आहे. चुलते बांधावर उभे राहून ऐकतात, बोलत काही नाहीत.

चिखलपाय | २९ जून, रात्री ९:५२

हे वाचून गप्प झालो. मीही त्या पोरांतलाच एक.

पण माणदेशात उलटं चाललंय. उपसा सिंचनाचं पाणी आल्यापासून काही तळी मे महिन्यातही काठोकाठ. गाळाची कडच उघडी पडत नाही. शेकाट्याने घरटं करायचं कुठे?

माणदेशी_मेंढरू | २९ जून, रात्री १०:२०

दादा, तुमी दुर्बीण घिऊन यिता आन् संध्याकाळी जाता. आमच्या आयांनी टँकरमागं घागरी घिऊन पळण्यात जन्म काढला. तळं भरलेलं दिसलं की आमचं पोट भरतं. पक्षी बगंल दुसरी जागा.

चिखलपाय | २९ जून, रात्री १०:४१

पाणी नको असं म्हणत नाही हो. एखादं तळं जरा रितं ठेवता आलं तर, एवढंच.

माणदेशी_मेंढरू | २९ जून, रात्री १०:४४

कुटलं ठेवायचं ते तुमीच येऊन गावात सांगा. चा पाजतो. :-)

कराडची_कोयना | ३० जून, सकाळी ८:०५

पॉपकॉर्न संपले. मूळ प्रश्नाकडे वळूया का? मला एक शंका आहे. एवढा चिखलात फिरतो तर पक्ष्याच्या अंगाला चिकटून मॉस इकडची तिकडे जाते का?

चिखलपाय | ३० जून, सकाळी १०:३०

भारी प्रश्न. २०१४ साली यावर एक अभ्यास आला. आर्क्टिकमध्ये घरटी करणाऱ्या आणि हिवाळ्यात विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला जाणाऱ्या पक्ष्यांची पिसं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. त्यांत मॉस आणि तिच्या नातलगांचे बारीक कण सापडले. आपल्याकडे येणाऱ्या सोनचिखल्याचा अमेरिकी भाऊबंदही त्या पक्ष्यांत होता. शेकाट्या नव्हता, त्यामुळे त्याच्या नावावर हे खपवू नका. पण पिसांत टपाल असतं एवढं खरं.

वडूजचा_रस्सा | ३० जून, सकाळी १०:५०

वाचनखूण साठवली. जाता जाता, मायणीला सगळे रोहित बघायला जातात, शेकाट्याकडे कुणी मान वळवत नाही.

शेवाळलेली_पायरी | ३० जून, दुपारी १:१०

आणि कासला सगळे फुलं बघायला. तिथल्या जांभ्या दगडाच्या खाचांत किती प्रकारची मॉस आहे, पण त्यासाठी गुडघे टेकावे लागतात आणि मागचा माणूस "सरका, फोटो काढायचाय" म्हणतो.

कंदी_पेढा | २१ जुलै, संध्या. ६:३०

आमच्या गच्चीच्या कठड्यावर मॉस आली! फोटो टाकलाय. मॅडम, फ्युनारिया का?

शेवाळलेली_पायरी | २१ जुलै, रात्री ९:००

नव्हे. पानं जिभेसारखी आहेत, कोरडी झाली की आत वळतात, दांडी एकही नाही. हायोफिला असावी. आपल्याकडच्या सिमेंटच्या भिंतींवर तीच फार. फोटोवरून छातीठोक सांगत नाही. शेकोटीची जागा शोधा.

कंदी_पेढा | २८ सप्टेंबर, रात्री १०:१५

धागा वर काढतेय, कारण सापडली!

नणंदेचं घर महाबळेश्वरच्या अलीकडे आहे. गेल्या थंडीत परसात पाचोळा जाळायचे, ती जागा लेकीने जाताक्षणी विचारून घेतली. रिमझिम चालू होती. ती छत्री टाकून चिखलात उकिडवी बसली आणि ओरडलीच. ताटाएवढ्या काळ्या डागावर हिरवा गालिचा आणि त्यातून शेकड्याने तांबूस-पिवळ्या दांड्या, माना खाली घालून उभ्या. बाहेर गवत कंबरेएवढं, आत एक पातं नाही. डागाची कड कुणी खडूने आखावी तशी.

मॅडमनी फोनवर सांगितलं होतं तसं केलं. वाळलेली एक दांडी कुपीसकट आणली होती. लेकीने ती तळहातावर ठेवली आणि हळूच श्वास सोडला. दांडी गर्रकन फिरली! फुंकरीने उडाली असेल म्हणून मी नाकतोंड दाबून, लांबून फक्त ओलं बोट जवळ नेलं. तरी फिरली. दांडीचा पीळ उलगडतो आणि कुपी गोल फिरते. वाळली की पुन्हा पीळ बसतो. सासूबाईंनी तीनदा करायला लावलं. म्हणाल्या, आमच्या वेळी शाळेत असलं काही नव्हतं.

वहीत शेवटी हे मुद्दे आलेत: अंडं आणि पाणी (वाईच्या घाटाची हरकतसुद्धा नावासकट लिहिलीय), पोरं कशी वाढतात आणि तात्पुरती जागा. "लांब लाल पाय" हे तिने वेगळ्या चौकटीत टाकलंय, मथळा "दिसतं तसं नसतं".

शेवाळलेली_पायरी | २८ सप्टेंबर, रात्री १०:४०

कुपी तिरकी, दांडी पीळदार, जळकी जागा. हीच. तिला माझ्यातर्फे एक भिंग बक्षीस.

माणदेशी_मेंढरू | २९ सप्टेंबर, सकाळी ६:५०

पोरीला सांगा, औंदा आमच्या तळ्याच्या वरच्या अंगाला, जितं पानी उथळ हाय, लंब्यानं पिल्लं काडली. तीन बगितली. पाय नुसतं करड्या काड्या, लाल न्हाईत आजून. चिखलपायदादा चा प्यायला आलं न्हाईत.

चिखलपाय | २९ सप्टेंबर, सकाळी ७:१०

रविवारी निघालो!

भडंग_सांगली | १७ ऑक्टोबर, दुपारी २:००

मार्क किती पडले ते सांगा आता.

कंदी_पेढा | १७ ऑक्टोबर, रात्री ८:२५

अजून वही परत मिळालीच नाही. आत कागदाच्या पुडीत दोन दांड्या चिकटवल्या होत्या, बाई त्या घरी घेऊन गेल्यात, त्यांच्या मुलाला फिरवून दाखवायला.

शेवाळलेली_पायरी | १७ ऑक्टोबर, रात्री ८:३३

पुडी ओली करू नका म्हणावं, बुरशी येईल.